गाडी आली की पाडवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोललो खरं, पण ते बोलणं म्हणजे आईनं अर्धं ऐकायचं, अर्धं बाबांना ओरडून सांगायचं आणि बाबांनी तिसरंच काहीतरी ऐकून "बरं बरं, तब्येतीला जप" म्हणून मोकळं व्हायचं. कानाचं मशीन कपाटात ठेवायचं असेल तर ठेवा बाबा, पण पत्राला मशीन लागत नाही, चष्मा पुरतो. म्हणून लिहितेय. फक्त आईला आधी वाचू द्या. तुमच्या हातात आधी पडलं तर तुम्ही लाल पेन घेऊन माझ्या रेल्वेच्या चुका काढत बसाल.

चिमीला शाळेत आजोबांच्या कामाबद्दल लिहून आणायला सांगितलंय. मी म्हटलं, लिही, आजोबा गार्ड होते. तर ती विचारते, कुठल्या सोसायटीचे? मी हसत सुटले, आणि मग तिला सांगायला बसले ते रात्रीचे अकरा वाजले तरी संपेना. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी एक छोटी गाडी जायची, रूळ अडीच फुटांचे, आणि शेवटच्या डब्यात तुझे आजोबा. तिनं लगेच तो विनोद केला, तुम्हाला राग येणारा: चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचं का? हा विनोद तिला कुणी शिकवला माहीत नाही (दादानंच असणार). मी तुमच्यासारखा आवाज काढून सांगितलं, "बार्शी लाइट रेल्वे आहे, खेळणं नाही. १९२७ साली मिरजेला आली." ती गप्प झाली, म्हणजे आवाज जमला असावा.

मग तिला कॉलबॉयचं, म्हणजे ड्युटीला बोलवायला घरी येणाऱ्या रेल्वेच्या माणसाचं, सांगितलं. रात्री दोनला अंगणाच्या फाटकाची कडी वाजायची आणि "गार्डसाहेब, कॉल!" म्हणून हाळी यायची. बाबा कॉलबुकावर सही करून परत पाच मिनिटं आडवे व्हायचे, पण आई, तुझी रात्र तिथे संपलेली असायची. तू स्टोव्ह पेटवायचीस. तो पंपाचा आवाज, मग परातीत पीठ मळल्याचा, मग भाकरी थापल्याचा. त्या आवाजांच्या क्रमानं मी जागी व्हायचे आणि मुद्दाम डोळे मिटून पडून राहायचे, कारण पहिली भाकरी तव्यावरून थेट आचेवर गेली की तिचा वास सुटायचा आणि मग झोपेचं सोंग टिकायचं नाही. दादा माझ्या आधी उठून बसलेला असायचा. डब्यासाठी चार भाकरी पुरे असताना तू सहा करायचीस. आम्ही उठणार हे तुला माहीत होतं आणि "झोपा रे, सकाळी शाळा आहे" हे तू फक्त म्हणण्यापुरतं म्हणायचीस. कडकडीत भाकरी, तिचा पापुद्रा उचलून आत तेल आणि शेंगदाण्याची चटणी. बाबा तोवर बूट घालून, शर्टाची बटणं लावत आमच्यासोबत खाली बसायचे आणि आम्ही चौघं रात्री अडीचला जेवायचो. आजूबाजूच्या क्वार्टर्समध्ये काळोख. कधी लाइनीत आणखी एखाद्या घरी दिवा दिसला की तू म्हणायचीस, "आज ड्रायव्हरही आपल्याच लाइनीतला आहे वाटतं."

मी पुढे बरीच हॉटेलं पाहिली, लग्नात पंगती उठवल्या, पण जेवण म्हटलं की मला ते अडीचचंच आठवतं. चिमीला हे सांगितलं तर तिला त्यात विशेष काय ते कळेना. बरोबर आहे. तिच्या घरी रात्री दोनला कुणी उठलं की मोबाइल बघायलाच उठतं.

बाबांची ती काळी लोखंडी पेटी अजून माळ्यावर आहे ना? परवा आई म्हणत होती, भंगारवाला विचारून गेला. द्यायची नाही. पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली, कोपरे चेमटलेली. आत लाल-हिरवी झेंडी, हातबत्ती, नियमांचं पुस्तक, आणि तो पत्र्याचा डबा ज्यात फटाके असायचे. दिवाळी आली की दादा आणि मी त्या डब्याभोवती घिरट्या घालायचो. बाबा, तुम्ही आम्हाला चक्क समजावून सांगत बसायचात की हे रुळाला बांधायचे असतात, धुक्यात नाहीतर पुढे गाडी अडकली असेल तर मागून येणाऱ्याला कळावं म्हणून, वरून चाक गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. आम्ही सगळं ऐकून घ्यायचो आणि शेवटी दादा विचारायचा, "पण एकच वाजवला तर?" तुम्ही एकदाही हात उगारला नाहीत, पण पेटीला कुलूप मात्र तेव्हापासून लागलं.

आणि पेटीतून काय काय यायचं! पंढरपूरहून चुरमुरे, बत्तासे, बुक्का. सांगोल्याची डाळिंबं. हिवाळ्यात जत रोडहून बोरं, तीही पिशवीत नाही तर जुन्या रुमालात बांधलेली. आषाढीला अख्खा महाराष्ट्र पंढरपूरला निघालेला असायचा, जादा गाड्या सुटायच्या, टपावर माणसं चढू नयेत म्हणून तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचात, आणि दोन-तीन दिवसांनी घरी आलात की शेजारच्या मावशी तुमच्या पाया पडायच्या. विठ्ठलाच्या गावाहून आलेला माणूस म्हणून. तुम्ही लाजून सांगायचात, "अहो, मी देवळाकडे गेलोच नाही, रनिंग रूममध्ये, आमच्या विश्रांतीच्या खोलीत, झोपलो होतो." त्या तरीही पाया पडायच्या.

रनिंग रूमवरून पिठलं आठवलं. तिथे तुम्ही लोक शिधा घेऊन जायचात आणि आळीपाळीनं रांधायचात, तेव्हा शिकलेलं ते पिठलं तुम्ही विश्रांतीच्या दिवशी आमच्यासाठी करायचात. घट्ट, लसूण अख्खा, मिरची भरमसाट. आई ओट्याला टेकून उभी राहून बघायची आणि म्हणायची, "एवढ्या तेलात माझ्या आठ दिवसांच्या भाज्या होतात." मग सगळ्यात जास्त तीच खायची. आई, हे खोटं असेल तर कळव.

पण मला खरं लिहायचंय ते सणांबद्दल. आपल्या घरात सण कधी तारखेला झाले? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी तू बारीक अक्षरात बाबांच्या ड्युट्या लिहायचीस, आणि लाल रंगातल्या सुट्टीपेक्षा त्या अक्षरांना मान होता. नरकचतुर्दशीला पहाटे सगळी कॉलनी उटणं लावून फटाके वाजवत असायची आणि आम्ही दोघं पारोसे खिडकीत. तू कुठलीच घाई करायची नाहीस. "तुझ्या बाबांची गाडी आली की पाडवा," एवढंच म्हणायचीस. मग दुपारी दोनला बाबा यायचे, अंगाला कोळशाचा वास, आणि त्या टळटळीत उन्हात आमचं अभ्यंगस्नान व्हायचं. आधीची रांगोळी पुसून तू नवी काढायचीस. शेजारची मुलं फटाके संपवून कंटाळलेली असायची, ती आमच्या अंगणात दुसरी दिवाळी बघायला जमायची. मला तेव्हा वाटायचं की आपण श्रीमंत आहोत, कारण आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

गणपतीचं ते वर्ष तर मी चिमीला साभिनय करून दाखवलं. भटजी आले, मूर्ती पाटावर, आणि यजमानांचा पत्ता नाही. ढालगावपलीकडे ओढ्याला पाणी आलेलं, गाडी उभी. भटजींना पुढच्या चार घरांची घाई. "यजमान कुठायत?" तर तू पदर खोचून पाटावर बसत म्हणालीस, "यजमान ढालगावला आहेत, मी इथं आहे. सांगा मंत्र." कोपऱ्यात बसलेल्या आजी पुटपुटल्या. भटजी क्षणभर थांबले आणि मग त्यांनी आचमनाला पळी पुढे केली. बाबा संध्याकाळी चिखलानं भरलेले आले, मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं का? बरं केलंस." त्यानंतर बाबा घरी असले तरी पूजेला तूच बसायला लागलीस, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. मिरजेत गणपतीच्या स्वागत कमानी बघायला आम्ही बाबांचा हात धरून फिरायचो, पण घरातला गणपती तुझा होता.

ती छोटी लाइन गेली, रुंद झाली, तेव्हा बाबा निवृत्त होऊन घरात बसले होते आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यातलं आईनं फोनवर सांगितलेलं मला जास्त लागलं. लातूरला पाणी संपलं होतं आणि मिरजेहून पाण्याची गाडी सोडायचं ठरलं. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. टीव्हीवाले, पुढारी, सगळी गर्दी. बाबा त्या गर्दीत गेले नाहीत. पुढे कधीतरी, बातमी शिळी झाल्यावर, पन्नास डब्यांची गाडी जायची तेव्हा आईला घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. शेवटचा डबा आला तशी बाबांनी सवयीनं हात बाहेर धरला, ऑल राइट, म्हणजे सगळं ठीक. आणि त्या गार्डनंही धरला. आई, तू सांगत होतीस, घरी येईपर्यंत बाबा लातूरपर्यंतची स्टेशनं मोजत होते. आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा तो रस्ता त्यांना अजून पाठ आहे आणि सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही.

आता माझं. यंदा लक्ष्मीपूजनाला माझी सेकंड शिफ्ट आहे, पाडव्याला नाइट. बदली मागून बघितली नाही, मागणारही नाही. आमच्या विजेच्या उपकेंद्रात लहान मुलं असलेले दोघं नवे आहेत, त्यांच्या बाळांची ही पहिली दिवाळी. दर तासाला रीडिंग घ्यायची, लॉगशीट भरायची, आणि संध्याकाळी सगळं शहर एकदम उजळतं तेव्हा मीटरकडे बघत बसायचं. लोकांच्या घरात दिवे लागलेत हे मला काट्यावरून कळतं. हे काम मला आवडतं. बाबांना ते कळेल म्हणून लिहितेय, बाकीच्यांना मी "काय करणार, नोकरी आहे" असंच सांगते.

सासूबाईंना हे थोडं जड जातं. तिथी टळली की त्यांना चुकल्यासारखं होतं, आणि त्यांचंही खोटं नाही, त्यांच्या घरी पंचांगाशिवाय पान हलत नसे. म्हणून यंदा त्यांची दिवाळी त्यांच्या तिथीला होईल, जावई आणि चिमी त्यांच्यासोबत बसतील. आणि आपली दिवाळी त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, मिरजेला. मला तेव्हा सलग सुट्टी आहे. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. दादाला पुण्यात त्याच गाडीत चढायला सांगितलंय. तो म्हणतो गाडी चालवत येतो, पण मी त्याला दटावलंय की चिमीला मामा शेजारी बसून दशमी खाताना बघायचाय. दशम्या मी करून घेते. फिरकीचा तांब्या मात्र तुमच्याकडेच आहे, तो परत जाताना नेईन.

फराळाचं सगळं एकटीनं करू नकोस, आई. चकलीची भाजणी तेवढी करून ठेव, तीही थोडी जास्त भाज, मागच्या वेळची मऊ पडली होती (बाबांना चालली, पण बाबांना तुझं सगळंच चालतं). तळण मी आल्यावर करू. अनारशाचं पीठ तुझ्या हातचंच हवं. भडंग बाजारातलं आणू नका, घरी करू, बाबांना लसूण सोलायला बसवू म्हणजे ते ओट्यापाशी येणार नाहीत. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर घेऊन ठेवा, इथली वांगी नुसती दिसायला वांगी.

बाबा, चिमीचे प्रश्न एका कागदावर लिहून पाठवतेय. एकूण बरेच आहेत. गार्डचा डबा शेवटी का? गाडीत झोप आली तर? ड्रायव्हरशी बोलायचं असेल तर कसं बोलायचे? मी काही उत्तरं दिली, पण तिला ती तुमच्याकडून हवी आहेत आणि लिहून हवी आहेत, कारण बाईंना दाखवायची आहेत. अक्षर मोठं काढा. आणि कानाचं मशीन गाडी यायच्या दिवशी तरी लावा, ती खूप बोलते आणि सारखं परत सांगायला लावलेलं तिला आवडत नाही.

तुमची,
बेबी

ता. क. आई, गाडी पोचायला उशीर झाला तर वाट बघत बसू नकोस असं मी लिहिणार होते. पण भाकरीचं पीठ मात्र काढून ठेव.