आवाज गेला नव्हता, विन्या

प्रिय विन्या,

खरं तर व्हॉइस नोटच पाठवणार होतो पण अण्णा शेजारी बसलेत, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायचं हे मला आता जमेना झालंय, का ते पुढं कळेल. म्हणून म्हटलं लिहूनच काढू. लांबलंय, चहा घेऊन बस.

२०२२ ला ऑस्करच्या वेळी तू माझं डोकं खाल्लं होतंस आठवतंय ना, 'कोडा' बघ, 'कोडा' बघ, बहिऱ्या घरातल्या ऐकणाऱ्या पोरीचा तो इंग्लिश पिक्चर. आणि मी शहाणपणा केला होता की ते फ्रेंच पिक्चरवरनं उचललेलं आहे, मूळ बघितल्याशिवाय मी नक्कल बघत नसतो. तर लेका तीन वर्षं ना मूळ बघितलं ना नक्कल. गेल्या रविवारी हिच्या माहेरी कार्यक्रम होता, घरात मी आणि अण्णा, बापलेक दोघंच, तेव्हा एकदाचं मूळ लावलं. 'ला फामिय बेलिए', २०१४ चं. बेलिए म्हणजे एडका. आपल्याकडं निघालं असतं तर 'एडके कुटुंब' नाव पडलं असतं आणि अशोक सराफ असते त्यात.

गोष्ट तुला माहितीच आहे, फक्त तिथं 'कोडा'त घरचा धंदा मासेमारीचा आहे आणि इथं गाई. नॉर्मंडीच्या बाजूचं खेडं, दूधदुभत्याचं घर, आई बाप धाकटा भाऊ तिघं बहिरे आणि सोळा वर्षांची थोरली पोरगी पॉला एकटी ऐकणारी. चीज बाजारात नेऊन विकायचं तर बोलणार कोण, पॉला. पेंडवाल्याला फोन करणार कोण, पॉला. आणि डॉक्टरकडं आईबापाच्या बेडरूममधल्या भानगडी खालमुंडी घालून समजावून सांगणार कोण, तर तीच बिचारी. तो सीन लागला तेव्हा मी रिमोट शोधायला लागलो, अण्णा शेजारी ना, पण अण्णा असे हसले असे हसले की ठसकाच लागला त्यांना.

आता हे कसं झालं ते सांगतो. सबटायटल इंग्लिश, अण्णांना इंग्लिश येत नाही. कानातलं मशीन डबीत, कारण ते घातलं की म्हणे भांड्यांची मांडणी कोसळल्यागत ऐकू येतं. म्हणजे त्यांना ना शब्द ना आवाज, मी मधून मधून कानाशी ओरडून सांगत होतो. पण तू आमच्या गल्लीतला, तुला काय वेगळं सांगायचं, अण्णांची पस्तीस वर्षं यंत्रमागावर गेली. चोवीस मागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नाही, तिथं सगळा कारभार हातानं. ताणा तुटला, कांडी संपली, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा. लहानपणी आपण डबा द्यायला जायचो तेव्हा तू त्या खुणांची नक्कल करायचास आणि जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं, तुला एकदा हाणलं होतं, आठवतंय का. तर त्या मागांनीच कान नेले आणि त्या मागांनीच हात वाचायला शिकवलं. मला सबटायटल वाचून कळायच्या आधी अण्णा म्हणायचे, "ही बाई लई खोडीची हाय बघ." ती बाई म्हणजे आई, जिजी. कारीन व्हियार नावाची नटी आहे, तिकडची मोठी, सेझार मिळालेली, सेझार म्हणजे त्यांचं ऑस्कर. आणि बाप रोदोल्फ, तो फ्रान्स्वा दामियें, हा बेल्जियमचा, मूळचा छुप्या कॅमेऱ्यावर लोकांना बकरा बनवणारा. दाढीवाला, आडदांड, तापट, गावच्या महापौराशी वाजलं म्हणून स्वतःच निवडणुकीला उभा राहतो. बहिरा माणूस महापौर कसा होणार असं सगळ्यांना वाटतं, त्याला वाटत नाही. अण्णांना तो फार आवडला. त्याच्या गोठ्यात काळं वासरू होतं त्याचं नाव हा बाबा ओबामा ठेवतो, तेवढं एक मात्र अण्णांना समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले.

मग शाळेतला गायनाचा मास्तर. एरिक एल्मोस्निनो. चिडका, सगळ्या जगावर उखडलेला, आपल्यासारख्या कलावंताला या खेड्यात आणून टाकलं म्हणून. हाच माणूस त्याआधी तिकडचा प्रसिद्ध गायक सर्ज गेन्सबर्ग झाला होता एका पिक्चरात आणि त्याला बेस्ट ॲक्टरचा सेझार मिळाला होता. या मास्तराला कळतं की पोरीच्या गळ्यात काहीतरी आहे, पॅरिसला रेडिओ फ्रान्सच्या गायनशाळेची परीक्षा दे म्हणून मागं लागतो. आणि गाणी कुणाची, तर मिशेल सार्दूची. हे तिकडचे सत्तरच्या दशकातले एकदम लोकप्रिय, शिकलेले लोक जरा नाक मुरडतात तसले गायक, आणि मास्तर छातीठोक सांगतो की सार्दू म्हणजे आमचा मोझार्ट. आपल्या बॅचच्या त्या संगीतप्रेमी मंडळींसमोर मी एकदा असंच एका लोकगायकाबद्दल बोललो होतो तर कसे बघितले होते माझ्याकडं.

आता मेन गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र.

शाळेचा गाण्याचा कार्यक्रम असतो. आईबाप आणि भाऊ हॉलमध्ये येऊन बसलेत. पॉला आणि तिच्या शाळेतला एक पोरगा दोघं मिळून गातात, गाणं चांगलं रंगात येतं, आणि एकदम आवाज बंद. पूर्ण. मला वाटलं गेला स्पीकर, गेल्या महिन्यातच दुरुस्त करून आणलेला, मनात शिव्या देत उठलो, वायर हलवली, आवाज वाढवला, ४० वर नेला तरी काही नाही. मागं वळून बघतो तर अण्णा शांत बसून पिक्चर बघतायत. त्यांच्यासाठी काहीच बदललं नव्हतं रे. मी मधे आलो म्हणून उलट मला हातानंच 'बाजूला हो' म्हणाले.

मग मला कळलं की डायरेक्टरनं मुद्दाम केलंय. आपल्याला त्या आईबापाच्या कानानं बघायला लावलंय. पोरीचे ओठ हलतायत, आणि ते दोघं स्टेजकडं कमी आणि आजूबाजूला जास्त बघतायत, कोण रडतंय, कोण डोळे पुसतंय. बापाला आपल्या पोरीचं गाणं दुसऱ्यांच्या तोंडावर वाचावं लागतं. मी तिथंच टीव्हीपाशी उभा राहिलो, वायर हातात. शेवटी टाळ्यांसाठी सगळे उठतात तेव्हा अण्णा म्हणाले, "चांगलं गायली वाटतं पोरगी." त्यांना कसं कळलं? तिच्या बापाला जसं कळलं तसंच.

त्यानंतर रात्री घराबाहेर तो बाप पोरीला म्हणतो, माझ्यासाठी गा. आणि तिच्या गळ्यावर हात ठेवतो. गाणं कानानं नाही तर हातानं ऐकायला बघतो. म्हशीच्या गळ्याला हात लावून ताप बघतात ना आपल्याकडं, तसा जनावरं पाळणाऱ्याचा जाड हात. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, तू 'कोडा'मध्ये तो सीन बघितलायस आणि मला माहितीय तू रडलायस, नाही म्हणू नकोस. दुसऱ्या दिवशी बापच सगळ्यांना उठवून गाडीत घालून पॅरिसला नेतो. तिथं मास्तर मुद्दाम पियानो चुकवतो म्हणजे पोरीला परत सुरुवात करता यावी, आणि मग ती सार्दूचं 'ज व्होल' गाते, म्हणजे मी उडतेय, पळून नाही चाललेय, उडतेय. आणि गाता गाता वर गॅलरीत बसलेल्या घरच्यांसाठी हात हलवायला लागते. परीक्षकांसाठी गळा आणि घरच्यांसाठी हात. मूळ गाणं १९७८ चं, म्हणे जीव द्यायला निघालेल्या पोराचं आहे, पिक्चरसाठी शब्द थोडे बदलून घेतलेत. सार्दूच्या गाण्याचं असं काही होईल असं त्याच्या चाहत्यांनाही वाटलं नसेल.

आणि ती पोरगी, लुआन, तिला आधी अभिनयाची सवय नव्हती, 'द व्हॉइस' या गाण्याच्या स्पर्धेच्या तिकडच्या शोमधनं २०१३ ला सेमीफायनलला बाहेर पडलेली. तिथं बघून एरिक लार्तिगोनं, म्हणजे डायरेक्टरनं, उचलली. तिचे वडील २०१३ ला गेले, आई २०१४ ला, आणि डिसेंबर २०१४ ला हा पिक्चर आला ज्यात ती आईबापाला सोडून जायचं गाणं गाते. नवोदित अभिनेत्रीचा सेझार तिला मिळाला. २०२५ ला युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेला फ्रान्सकडनं तीच गेली आणि गाण्याचं नाव काय, तर 'मामाँ', म्हणजे आई. मी यूट्यूबवर बघितलं ते, पण एवढंच, जास्त सांगत बसत नाही.

तू म्हणशील आता 'कोडा'ला शिव्या घाल. नाही घालत. उलट एका बाबतीत तुझं बरोबर होतं, आणि हे मी लेखी देतोय. फ्रेंचमध्ये आई आणि बाप दोघंही ऐकू येणारे नट. काही महिने खुणा शिकले, मेहनत घेतली, पण तिकडचे बहिरे लोक चिडले की आमची भाषा यांनी तोडकीमोडकी करून ठेवली. भावाचं काम करणारा लुका गेल्बेर तेवढा खरा बहिरा. इंग्लिशवाल्यांनी तसं केलं नाही, आईचं काम करणारी मार्ली मॅटलिन, जी स्वतः बहिरी आहे, अडून बसली की बापाचं काम बहिऱ्याच नटाला द्या नाहीतर मी चालले, आणि मग ट्रॉय कॉट्सरला ऑस्कर मिळालं. मला लागला तो फरक, सगळं कळल्यावर परत बघितलं तेव्हा दामियेंचे हात जरा घाईत वाटले, सिनेमातला हिरो तबला वाजवतो ना तसे. पण मग आपण तरी काय केलं? १९९६ चा 'खामोशी' आठव, गोव्यात, नाना आणि सीमा बिस्वास बहिरे-मुके आईबाप आणि मनीषा त्यांची गाणारी पोरगी. भन्साळीचा पहिला. गोष्ट जवळजवळ हीच, नाना ग्रेटच, पण तोही ऐकणाराच की. आपण दोघांनी बघितलेला तो, तू तेव्हा म्हणालास बोर आहे, आणि पडलाही बिचारा. फ्रान्समध्ये मात्र बेलिएची सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपली.

एक गंमत सांगतो, मला माहीतच नव्हती. अमेरिकेतली खुणांची भाषा इंग्लंडवरनं नाही तर फ्रान्सवरनं गेलीय. लोराँ क्लेर नावाचा बहिरा फ्रेंच मास्तर तिकडं गेला आणि १८१७ ला हार्टफर्डला शाळा काढण्यात त्याचा हात होता. म्हणजे तुझे मासेवाले आणि माझे चीजवाले बाजारात भेटले तर निम्मंशिम्मं बोलतील एकमेकांशी. आणि मुळात ही गोष्ट कुठनं आली, तर गी बेदोस म्हणून तिकडचे मोठे विनोदी नट, त्यांची असिस्टंट व्हेरोनिक पुलें, तिचे आईबाप बहिरे. ते ऐकून बेदोसच्या पोरीनं, व्हिक्टोरियानं, हे रचलं. म्हणजे कुणाच्या तरी घरातली खरी पोरगी आहे मागं.

आता माझ्याकडं येतो. पिक्चर संपला. अण्णांनी विचारलं, "शेवटी काय म्हनत हुती रं ती गान्यात?" आणि मी म्हणालो, "काही नाही, आईबाबांना सोडून चाललेय म्हणते." एवढंच. चार मिनिटांचं गाणं आणि माझं एक वाक्य, वर 'काही नाही' फुकट. अण्णा मान हलवून उठले, चप्पल घालून कट्ट्यावर गेले.

विन्या, मी हिशोब काढला. मी दिवसाला किती वेळा त्यांना 'काही नाही' म्हणतो. जेवताना पोरं काहीतरी बोलून हसतात, अण्णा विचारतात काय झालं, काही नाही अण्णा. फोनवर ताई अर्धा तास बोलते, काय म्हणाली, काही नाही, बरी आहे. डॉक्टर दहा मिनिटं त्यांच्याच ब्लडप्रेशरबद्दल माझ्याशी बोलतात, त्यांच्याशी नाही, माझ्याशी, आणि बाहेर आल्यावर मी म्हणतो मीठ कमी करा म्हणालेत. ती सोळा वर्षांची पोरगी लाजत मरत का होईना पण आईबापाला सगळं सांगत होती. मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा, बापाला आयुष्याची हेडलाईन वाचून दाखवतो फक्त. आणि तो माणूस मागावर हात हलवून हलवून अख्ख्या शेडच्या गप्पा करत होता.

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. त्यांच्या समोर बसलो, शेजारी नाही, समोर. आणि ते गाणं मोबाईलवर काढून सबटायटल बघून ओळ न ओळ सांगितली, सावकाश, ओठ दिसतील असं. मधे मधे मला खूण सुचेना तेव्हा त्यांनीच दाखवली. उडायला मागावर खूणच नव्हती म्हणे, मागातला सूत नेणारा धोटा उसळला की करायची ती केली त्यांनी, हात झटकन वर. म्हणाले, "ही चालंल."

तर दिवाळीला येशील तेव्हा एक काम कर. मागच्या वेळी तू येऊन त्यांच्या कानात "अण्णा कसे आहात" म्हणून बोंबललास आणि मग दोन तास माझ्याशीच गप्पा मारल्यास, तसं करू नकोस. समोर बस, उजेडाकडं तोंड करून, सावकाश बोल. आणि ती तुझी जॉबरची खूण विसरला नसशील तर ती करून दाखव त्यांना, मार तुला मिळाला होता पण खूण बरोबर होती असं ते परवा सांगत होते.

'कोडा' आता आम्ही दोघं मिळून बघणार आहोत, तू आलास की तिघं. काकूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझाच,
सद्या