पट्टेवाल्याची जागा कुठं गेली, साहेब?

मा. सुशीलकुमार शिंदे साहेब
(माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री)
यांस सप्रेम नमस्कार.

सोलापुरात तुमची गोष्ट कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. कोर्टातला पट्टेवाला देशाचा गृहमंत्री झाला, हे इथं पानटपरीवरचा माणूसही सांगतो. शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की एखादं पोरगं ही गोष्ट घेऊन उभं राहतंच आणि टाळ्या घेऊन जातं. मी पूर्व भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लेखनिक आहे. पगारबिलं करणं, सेवापुस्तकं भरणं, वेतन पथकाच्या (शाळांचे पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) खेपा घालणं हे माझं काम. त्यामुळे असेल, पण ही गोष्ट ऐकताना माझं लक्ष गृहमंत्र्यापेक्षा पट्टेवाल्याकडं जास्त जातं. त्या जागेचं पुढं काय झालं, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे.

1957 साली तुम्ही सोलापूरच्या सत्र न्यायालयात लागलात, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होता. वडील लहानपणीच गेलेले, घर ढोर समाजातलं, हाताशी ना जमीन ना ओळख. कोर्टातलं हे काम आजही फारसं बदललेलं नाही. दारात उभं राहून पुकारा द्यायचा, फायलींचे गठ्ठे या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. बेलिफाच्या हाताखाली असलं की समन्स घेऊन पेठापेठांतून हिंडायचं, माणूस सापडला नाही तर दोन पंचांसमोर कागद दाराला चिकटवून यायचं. मानाचं काम नाही. पण पगार महिन्याच्या महिन्याला, सुटण्याची वेळ ठरलेली, आणि उद्या सकाळी नोकरी असेल की नाही ही धाकधूक नाही. तुम्ही रात्रशाळा केलीत, दयानंद कॉलेजातून पदवी घेतलीत, ती या भरवशावर. 1965 पर्यंत कोर्टात होता, मग फौजदार होऊन मुंबईच्या सीआयडीत गेलात. कायद्याची पदवीही नोकरी करतच घेतलीत.

तुमची हुशारी आणि चिकाटी नाकारायचा प्रश्नच नाही. पण तेवढीच हुशारी असलेली पोरं माझ्या शाळेतून दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांना अशी ठरल्या वेळी मोकळी होणारी संध्याकाळ मिळत नाही.

पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. 1971 साली वर्दी उतरवली, शरद पवारांच्या आग्रहानं काँग्रेसमध्ये आलात, 1974 मध्ये करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकलीत. राज्याचे नऊ अर्थसंकल्प मांडलेत. सोलापूर लोकसभा राखीव नव्हती तेव्हा, 1998 आणि 1999 ला, इथल्या मतदारांनी तुम्हाला निवडून दिलं. राखीव झाल्यावर 2009 ला दिलं आणि 2014 व 2019 ला घरी बसवलं. सोलापूरकर हिशेबाला पक्का आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! जानेवारी 2003 मध्ये मुख्यमंत्री झालात, राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री. 2004 ची निवडणूक तुमच्या नेतृत्वाखाली आघाडीनं जिंकली आणि खुर्ची मात्र विलासरावांकडे गेली. तुम्ही हू की चू न करता आंध्र प्रदेशचे राज्यपाल होऊन हैदराबादच्या राजभवनात गेलात. आम्हाला तेव्हा वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ सोलापूरला मिळालं ते त्याच वर्षी, हेही आम्ही विसरलेलो नाही.

ऊर्जामंत्री म्हणून फताटेवाडीला एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा प्रकल्प आणलात. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला आणि त्याच 31 तारखेला तुमची गृहखात्यावर बढती झाली, यावरून दिल्लीच्या वर्तमानपत्रांनी तुमची भरपूर खिल्ली उडवली. (आपली पश्चिम ग्रीड त्या दिवशी तगली होती, त्यामुळे इथं विनोद जरा उशिरा कळला.) हे सगळं चरित्रकार बघतील. मला परत त्या पट्ट्याकडं यायचंय.

आमच्या शाळेतला शेवटचा कायम शिपाई निवृत्त झाला, तेव्हा त्याचं सेवापुस्तक मीच बंद केलं. नोकरीत असतानाच सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बारावी झाला होता. सकाळी पावणेसातला फाटक उघडायचं, पाण्याच्या टाक्या बघायच्या, तासाचे टोल द्यायचे, दुपारी बिलं घेऊन वेतन पथकात जायचं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीपासून बोर्डाच्या परीक्षेच्या सीलबंद पाकिटांपर्यंत सगळ्याची त्याला खबर असायची. त्याच्या निवृत्तीबरोबर ते पदही गेलं, कारण 11 डिसेंबर 2020 चा शासन निर्णय. अनुदानित माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांतला शिपाई, पहारेकरी, सफाईगार, प्रयोगशाळा परिचर, जो निवृत्त होईल त्याची जागा संपली. त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’. मुंबई-पुण्यात महिना 10,000, इतर शहरी भागात 7,500, खेड्यात 5,000. एवढ्या पैशात माणूस शाळेनं शोधायचा.

आम्हीही शोधला. बी.कॉम. झालेला मुलगा, आई विड्या वळते. वागायला गोड, अक्षर माझ्यापेक्षा बरं. शाळा सुटली की पाठीवर बॅग लावून रात्री अकरापर्यंत घरोघरी जेवणाची पार्सलं पोहोचवतो, कारण साडेसात हजारात घर चालत नाही. त्याला फौजदार व्हायचंय, तुमच्यासारखंच. एमपीएससीचं पुस्तक टेबलाच्या खणात ठेवतो आणि मधल्या सुट्टीत काढतो. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं. परीक्षेसाठी रजा मागितली तर भत्त्यावरच्या माणसाला रजेचा हक्कच नाही. त्या दिवसाचे पैसे कापा असं मला वरून सांगितलं जातं आणि मी कापतो.

साहेब, पगाराच्या जोडीला आणखी एक गोष्ट गेली, तिची चर्चा होत नाही. मंजूर पदाला बिंदुनामावली असते, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव याची क्रमवार नोंद. अनुसूचित जातीचा, भटक्यांचा, ओबीसीचा बिंदू कुठला, हे मला रजिस्टर उघडून दाखवावं लागायचं आणि मागासवर्ग कक्षाचा शिक्का आणावा लागायचा. डोकेदुखी होती, पण तिच्यातूनच कितीतरी घरांत पहिला सरकारी पगार गेला. भत्त्याला बिंदू नसतो. आरक्षणाला हात लावला असता तर रस्ते पेटले असते. इथं आरक्षणाला कुणी हात लावला नाही, फक्त पद काढून घेतलं.

आणि हा निर्णय झाला तेव्हा सरकार कुणाचं होतं? महाविकास आघाडीचं. शालेय शिक्षण खातं तर तुमच्याच पक्षाकडे होतं. पुढं सरकार बदललं, पण भत्ता बदलला नाही. 6 सप्टेंबर 2023 ला महायुतीच्या सरकारनं बाह्ययंत्रणेकडून भरतीचा आणखी मोठा निर्णय काढला. पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घेतला आणि मागे घेताना पाप आधीच्या सरकारांच्या माथी मारलं. आधीच्यांनी ते परत यांच्या माथी मारलं. शिपायाच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे, असं आम्हा कारकुनांचं निरीक्षण आहे.

त्यातल्या त्यात न्यायालयांची गोष्ट वेगळी. तिथली दारं अजून अगदी बंद झालेली नाहीत. 2023 च्या डिसेंबरात राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल अशी मिळून 4,629 पदांची जाहिरात आली होती. शिपाई-हमालाला अट सातवी पासची. आमच्या भागातल्या नेट कॅफेवर ते फॉर्म भरायला कोण होतं म्हणता? पदवीधर. म्हणजे जी वाट सोळा वर्षांच्या पोराला तुमच्या वेळी मोकळी होती, तिच्यावर आता पंचविशीतले बी.ए., बी.एस्सी. रांगेत आहेत, आणि ज्याच्यासाठी सातवीची अट ठेवली तो रांगेबाहेर ढकलला गेलाय. सोलापूरच्या कापडगिरण्या तर गेल्याच: लक्ष्मी-विष्णू बंद, जुनी मिल बंद, नरसिंग गिरजी बंद. यंत्रमागावर पोरं टिकत नाहीत. उरलं काय, तर पुण्याची गाडी.

तुम्ही म्हणाल, शासनाकडे पैसा नाही. वित्त विभागाचा शेरा कसा असतो ते मी नाही, तुम्ही आम्हाला सांगायचं. नऊ अर्थसंकल्प मांडताना असे शेरे तुमच्या टेबलावरूनही गेले असतील. निवृत्तिवेतनाचं ओझं म्हणाल, तर 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन केव्हाच गेली. मग एका शिपायाचा पगार राज्याला नेमका किती जड होतो? शाळा, दवाखाने, तहसील, वसतिगृहं इथली चतुर्थश्रेणी पदं पुन्हा भरली तर बोजा किती, आणि तो कुठल्या खर्चातून निघू शकतो, हा हिशेब मांडू शकेल असा माणूस राज्यात तुमच्याशिवाय मला दिसत नाही. खजिना आतून पाहिलेला आणि पट्टाही घातलेला, असा दुसरा कोण आहे?

निवृत्तीनंतर तुम्ही जरा मोकळं बोलायला लागलात. गृहमंत्री असताना श्रीनगरच्या लाल चौकात जाताना आपण घाबरलो होतो, हे तुम्ही 2024 मध्ये दिल्लीत भर सभेत सांगून टाकलंत. विरोधकांनी त्याचं भांडवल केलं, इथल्या कट्ट्यांवर मात्र लोक म्हणाले, खरं बोलला माणूस. तसंच खरं शिपायाच्या जागेबद्दल बोला.

मागणं तीन-चार ओळींचं आहे. 11 डिसेंबर 2020 चा शासन निर्णय मागे घ्यावा आणि शाळांतली चतुर्थश्रेणी पदं बिंदुनामावलीसह परत मंजूर करावीत, असं पत्र तुमच्या सहीनं मुख्यमंत्र्यांना जाऊ द्या. त्याची प्रत तुमच्या पक्षाच्या प्रदेश कार्यालयालाही द्या, कारण चूक तिथूनही झालीय. खासदार प्रणितीताई घरातच आहेत. विषय राज्याचा आहे हे कबूल, पण समग्र शिक्षा अभियानाचा बराचसा पैसा दिल्लीतून येतो आणि त्यातली माणसंही वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. तो प्रश्न त्यांना लोकसभेत विचारता येईल.

आणि पुढच्या सत्काराला सूत्रसंचालकानं ‘पट्टेवाला ते गृहमंत्री’ म्हणून टाळ्या मागितल्या, तर उत्तराच्या भाषणात पाच मिनिटं या विषयाला द्या. समोर पहिल्या रांगेत आमदार, संस्थाचालक, शिक्षणाधिकारी सगळे बसलेले असतात. त्यांना उठून जाता येणार नाही.

पत्र लांबलं, क्षमस्व. सध्या शिपाई नसल्यामुळे ते टपालात टाकायलाही मलाच जायचंय.

आपला,
एक शालेय लेखनिक
पूर्व भाग, सोलापूर