थोरेन्सच्या स्प्रिंगांना हात लावण्याआधी

फ्रायबुर्ग,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून खूप बरं वाटलं. पण त्याखालच्या चार ओळी वाचल्या आणि लगेच लिहायला बसलो. मोठ्या मामांच्या टर्नटेबलला (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राला) कुणी ओळखीचे गृहस्थ ग्रॅनाइटची जाड बैठक करून देणार आहेत, आणि आतल्या ‘डुगडुगणाऱ्या’ स्प्रिंगा काढून तिथे रबराचे ठोकळे बसवणार आहेत. त्यांना थांबव. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

मामांनी जर्मनीहून आणलेलं ते यंत्र म्हणजे थोरेन्स टीडी १६०. हे मॉडेल १९७२ पासून निघालं. माझ्याकडेही तेच आहे आणि मी त्यावर बरंच काम केलंय. थोरेन्स मूळची स्विस कंपनी, १८८३ साली सांत-क्रवा गावात सुरू झालेली. तेव्हा ते लोक म्युझिक बॉक्स बनवत. १९६०च्या दशकात उत्पादन जर्मनीत, लार गावी आलं. लार इथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास, त्यामुळे मामांचं यंत्र माझ्या शेजारगावचंच म्हणायचं.

आता स्प्रिंगांबद्दल. यंत्राचा सगळा जीव त्यांच्यातच आहे. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, ज्या बेअरिंगवर फिरतो ते बेअरिंग आणि सुईचा आर्म हे दोन्ही एकाच धातूच्या सांगाड्यावर घट्ट बसवलेले असतात. त्याला सबचॅसिस म्हणतात. हा सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगतो. मोटर मात्र त्यावर नाही, ती बाहेर, वरच्या पत्र्याला लावलेली. दोघांमध्ये दुवा एकच, रबराचा चपटा पट्टा. सुई रेकॉर्डच्या खाचेतली जी हालचाल वाचते ती मायक्रॉनमध्ये मोजायची, आणि ती वाचते प्लॅटरच्या तुलनेत. एका होडीत बसलेले दोघे जसे लाटेवर एकत्र वरखाली होतात आणि त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, तसे आर्म आणि प्लॅटर एकत्र हलले तर सुईला काहीच कळत नाही. ही मांडणी अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये त्यांच्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमधून लोकांपुढे आणली. थोरेन्सने ती १९६५ च्या टीडी १५० मध्ये घेतली आणि टीडी १६० मध्ये आणखी नीट केली.

स्प्रिंगांवरचा हा सांगाडा स्वतःच्या लयीत सेकंदाला चार-पाच वेळा झुलतो. त्यापेक्षा बऱ्याच वेगाची थरथर त्यातून वर पोचत नाही. मोटरची विजेची गुणगुण १०० हर्ट्झची असते, ती बाहेरच अडते. स्प्रिंगांच्या जागी ताठ रबर आलं की ही लय वर सरकते आणि मोटरची घरघर सरळ सुईपर्यंत जाते. नंतर त्यावर कितीही दगड रचले तरी ती कमी होत नाही. हे गृहस्थ मनापासून मदत करताहेत यात मला शंका नाही, पण जड बैठकीचा विचार दुसऱ्या जातीच्या टर्नटेबलांसाठी योग्य आहे. जी डिझाइन वजनावर उभी आहे तिला वजन द्यावं. ही तरंगण्यावर उभी आहे.

मग काही करायचंच नाही का? करायचं, भरपूर करायचं. पण क्रम पाळायचा.

सगळ्यात आधी बेअरिंग. बाहेरचा प्लॅटर उचल, पट्टा काढ, आणि आतला छोटा प्लॅटर त्याच्या दांड्यासकट हळूहळू सरळ वर ओढ. तो आतून कुणी धरल्यासारखा अडून राहील, झटका देऊ नकोस. पन्नास वर्षांचं तेल तपकिरी, चिकट झालेलं असेल. दांडा आणि खालची नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. कापूस नको, तंतू सुटतात, न झडणारं मऊ कापड घे. मग पातळ, स्वच्छ तेलाचे चार-सहा थेंब. दांडा परत सोडलास की तो आतल्या हवेवर टेकत टेकत, सावकाश खाली उतरेल. दाबू नकोस. ते सावकाश उतरणं पाहिलंस की बेअरिंगची झीज झालेली नाही हे कळतं. माझ्या यंत्रात नवीन काही बसवण्याआधी एवढ्या एका कामाने जो फरक पडला तो पुढच्या कुठल्याच सुधारणेने पडला नाही. शांत जागा जास्त शांत झाल्या. पट्टा नवा घालायचा, आणि मोटरची कप्पी व आतल्या प्लॅटरची कड त्याच अल्कोहोलने पुसायची.

मग स्प्रिंगा जुळवायच्या. यंत्राची प्लग काढून ठेव. खालून हात घालायचा आहे आणि तिथे २३० व्होल्टची वायर आहे. खालचं पातळ फळकूट काढून यंत्र दोन स्टुलांवर आडवं टेकवून ठेव, म्हणजे खालून नट फिरवता येतील. प्लॅटर, रेकॉर्ड, मॅट, कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचं, सुई धरणारं डोकं), सगळं जागच्या जागी हवं, कारण वजन बदललं की सगळं बदलतं. सबचॅसिस सगळीकडे सारख्या उंचीवर आणायचा, आणि मग दांड्यापाशी बोटाने हलकेच दाबून सोडायचा. तो सरळ वरखाली झुलला पाहिजे. कडेकडेने डुलला, गोल फिरला, तर अजून जुळलेलं नाही. बऱ्याचदा गुन्हेगार स्प्रिंग नसते, आर्ममधून निघणारी वायर असते. ती ताणलेली असेल तर सांगाड्याला एका बाजूला ओढते. तिला सैल वळण दे. यात संध्याकाळ जाईल. जाऊ दे.

या दोन गोष्टींनंतरच सुतारकाम. ते पातळ फळकूट हाच या यंत्रातला खरा कच्चा दुवा. पायही त्यालाच लावलेले असतात, म्हणजे सगळा भार त्यावर. मी त्याजागी बारा मिलिमीटरचा प्लायवूड बसवला आणि पाय चौकटीच्या कोपऱ्यांखाली नेले. वरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे टिचकी मारल्यावर टणटण वाजतं तिथे, डांबरी पट्टीचे तुकडे चिकटवले. एवढंच. थोरेन्सने स्वतः पुढे ‘सुपर’ नावाची आवृत्ती काढली तेव्हा तीही याच वाटेने गेली: चौकट जड, डॅम्पिंग (थरथर जिरवणं) जास्त, तरंगणं मात्र तसंच.

आर्म बदलण्याचा मोह होईल. रेगा या इंग्लिश कंपनीचे आर्म या यंत्रावर बसवण्याची रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे, पण त्यासाठी यंत्रात फेरफार करावे लागतात, आणि मामांच्या यंत्रात ते करावेत असं मला वाटत नाही. मूळचा टीपी १६ आर्म वाईट नाही, त्याला फक्त योग्य जोडीदार लागतो. त्याचं परिणामी वस्तुमान, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं वजन, सुमारे १६ ग्रॅम. कार्ट्रिज आणि स्क्रू धरून साडेबावीस म्हणू. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात सुईची लवचिकता दिलेली असते. या दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याने १५९ ला भाग, म्हणजे आर्मची स्वतःची थरथर हर्ट्झमध्ये मिळते. लवचिकता २० असेल तर उत्तर साडेसात येतं, १० असेल तर साडेदहा. आपल्याला ८ ते १२ मध्ये राहायचंय: खाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डची चाल त्यात मिसळते, वर गेलं तर संगीतालाच हात लागतो. दुकानदार महागडी, अतिलवचिक कार्ट्रिज दाखवेल. ती इथे नको. मध्यम ताठ घे, ती स्वस्तही पडेल.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तू लिहिलंस की रेकॉर्डवरचा तानपुरा ‘हलतो’, म्हणजे त्याचा सूर वरखाली होतो, आणि म्हणून मोटर बदलावी का? मला तुझा हा प्रश्न फार आवडला, कारण यंत्राची गती पाहायला तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही. पियानोच्या रेकॉर्डवर लांब, ओसरत जाणाऱ्या सुरात दोष ऐकू येतो, पण तो येतो आणि जातो. तानपुरा एलपीच्या पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत षड्ज धरून बसलेला असतो. आणि तुझा कान रोज तानपुऱ्यापाशी बसणाऱ्याचा.

तर दोष कुठे आहे ते शोधू. ही मोटर सिंक्रोनस आहे, ५० हर्ट्झवर मिनिटाला ३७५ फेरे. तिची गती विजेच्या वारंवारतेला बांधलेली, व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तरी फरक नाही. आपल्याकडे, भारतात, ग्रिडची (विजेच्या जाळ्याची) ठरलेली पट्टी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झची. ४९.९० वर आली तरी सूर ०.२ टक्के उतरतो, म्हणजे साडेतीन सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तेही सगळंच एकत्र आणि हळूहळू उतरतं, हलत नाही. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया-कोसोव्हो वादामुळे युरोपच्या ग्रिडची वारंवारता सरासरी जराशी खाली राहिली आणि विजेच्या लयीवर चालणारी घड्याळं सहा मिनिटं मागे पडली. पण तो फरक आठवडेच्या आठवडे साचलेला होता. सुरात तो कुणालाही ऐकू येण्यासारखा नव्हता.

एक लक्षात ठेव: १८० रेघांची स्ट्रोब चकती (गती तपासायला प्लॅटरवर ठेवतात ती) जुन्या पिवळ्या बल्बखाली स्थिर दिसली म्हणून षड्ज बरोबर आहे असं नाही. बल्ब आणि मोटर दोघंही त्याच विजेवर चालतात. वारंवारता चुकली तर दोघंही सारखीच चुकतात आणि रेघा थांबलेल्याच दिसतात. चकतीवरून पट्टा घसरतोय का, कप्पी मळली आहे का, एवढंच कळतं.

तुझा तानपुरा किती वेळाने हलतो ते मोज. दर १.८ सेकंदाला एकदा वर आणि खाली येत असेल, तर तो प्लॅटरच्या एका फेऱ्याचा वेळ झाला. मग आर्मकडे बघ. तो प्रत्येक फेऱ्याला किंचित डावी-उजवी डुलतोय का? डुलत असेल तर रेकॉर्डचं भोक मधोमध नाही. खाच मध्यापासून दहा सेंटिमीटरवर असताना भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी सूर दोन्ही बाजूंना अर्धा टक्का, म्हणजे साडेआठ सेंट हलतो. हे तुझ्यासारख्याला नक्की ऐकू येतं, आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसतो. भीमसेनजी आणि किशोरीताईंच्या माझ्याकडच्या एलपींत अशा दोन्ही प्रकारच्या प्रती आहेत, त्याच यंत्रावर एक स्थिर वाजते, दुसरी हलते. हलण्याचा वेग याहून जास्त असेल, सूर थरथरल्यासारखा खरखरीत वाटत असेल, तर पट्टा किंवा कप्पी. मोटर सगळ्यात शेवटी.

यंत्र ठेवायच्या जागेबाबत तू सुखी आहेस. इथल्या जुन्या घरांना लाकडी जमीन. मी खोलीत चाललो की स्प्रिंगा झुलतात, म्हणून भिंतीला हलकी पण ताठ फळी ठोकावी लागली. तुझ्याकडे स्लॅबवर शहाबादी फरशी. साधं, न हलणारं टेबल पुरेल. त्या गृहस्थांना ग्रॅनाइट द्यायचाच असेल तर टेबलावर, यंत्राच्या खाली ठेवू दे. तिथे तो कुणाचं वाईट करत नाही.

नवा पट्टा, तेलाची छोटी बाटली आणि स्ट्रोब चकती ताईबरोबर पाठवतोय. ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात असेल. तोवर प्लॅटर उचलून आतला पट्टा काढून ठेव, ताणलेला राहायला नको. आणि दर किती सेकंदांनी सूर हलतो ते दोन-तीन वेगवेगळ्या एलपींवर मोजून मला कळव. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना आणि मुलांना आठवण.

तुझा,
बाळू