खांब कुजला नऊ इंच, काढायचा अख्खा?

महोदय,

राजापूर तालुक्यात गेली ३२ वर्षे मी सुतारकाम करतो. हल्ली मुंबईकर मंडळी वाडवडिलांची घरं दुरुस्तीला काढतात, त्याचा आनंदच आहे. पण ठेकेदार आधी जुनं सामान उपटतो, मग विचार करतो.

गेल्या मे महिन्यात एका घरी ओटीवरचा फणसाचा खांब बदलायला बोलावलं. खांब खाली नऊ इंच कुजलेला. वर पटाशी मारली तर टणटणीत, आत हळदीसारखं पिवळं लाकूड. तेवढाच भाग कापला, तिरकी खाच पाडून त्याच घरातल्या मोडक्या वाशाचा तुकडा जोडला, लाकडी खुंटी ठोकली आणि खाली काळ्या दगडाची बैठक दिली. दोन दिवसांचं काम. शेजारच्या घरात असलेच चार खांब जळणात गेले. बघून पोटात तुटलं.

खांब कुजला का, तेही सांगतो. जांभ्याच्या भिंतीचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला होता. जांभा पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने त्याची वाट अडते, ओल लाकडात शिरते, मागोमाग वाळवी.

कौलं काढून पत्रे घालणाऱ्यांनाही विनंती, आधी वासे-रिपा तपासून घ्या. बहुतेक वेळा मोजक्याच रिपा बदलाव्या लागतात. आणि खुशाल शौचालय, ओटा, वीज सगळं नवं करा, फक्त माजघराची चौकट तोडण्याआधी एखाद्या जुन्या सुताराला दाखवा. अशी चौकट आज करायची तर तेवढ्या रुंदीचा फणस मिळत नाही.

– एक सुतार, ता. राजापूर, जि. रत्नागिरी