आण्णा, त्या चौकटीला 'नो' म्हणू नका

स्टुटगार्ट

ती. आण्णांना साष्टांग नमस्कार.

गुळाचे सौदे जोरात आहेत, म्हणजे यार्डावरून आलात की तुम्ही हिशोबाच्या पट्ट्या घेऊन कॉम्प्युटरसमोर बसत असणार. वहिनी फोनवर म्हणाल्या, सईचा प्रिंटर जोडायचा म्हणून तुम्ही निम्म्या पट्ट्यांवर हिशोबाची टॅली बंद केली, तुमच्या साध्या खात्यातून लॉगऑफ झालात, सगळे अधिकार असलेल्या 'घर' नावाच्या खात्यातून आत गेलात आणि परत येऊन बसेपर्यंत जेवायची वेळ टळली. आता ही कटकट नको म्हणून ओंकारच्या खात्यालाही सगळे अधिकार देणार आहात, असंही कळलं. तेवढं मात्र करू नका. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

नवीन काही टाकायला गेलं की पडदा एकदम अंधारतो आणि मध्ये एक चौकट येते. काहीतरी बिघडलं असं वाटून तुम्ही 'नो' दाबता. आण्णा, तुम्हाला हवी ती सोय तीच आहे. विंडोजमध्ये ती २००७ च्या व्हिस्टापासून आली. पडदा अंधारतो तो मागच्या कुठल्या प्रोग्रॅमनं तुमच्या वतीनं 'येस' दाबू नये म्हणून. चौकटीत वर प्रोग्रॅमचं नाव असतं, खाली तो बनवणाऱ्या कंपनीचं. ते वाचा. प्रिंटर ज्या कंपनीचा, तिचंच नाव असेल तर 'घर' खात्याचा पासवर्ड तिथंच टाका आणि 'येस' म्हणा. कंपनीच्या जागी 'अननोन' दिसलं आणि चौकटीची वरची पट्टी पिवळी असली, तर ते कुठून आणलं हे ओंकारला आधी विचारा.

पासवर्ड टाकल्यावर अधिकार मिळतात ते त्या एका प्रोग्रॅमला, तेवढ्या कामापुरते. तुमचं खातं साधंच राहतं आणि टॅली मागे जशीच्या तशी उघडी असते. एक लक्षात ठेवा, तो प्रोग्रॅम त्या वेळी 'घर'च्या नावानं चालतो. म्हणून टाकताना 'फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी' असं विचारलं तर सगळ्यांसाठीच निवडा. नाहीतर तो 'घर'च्या खात्यात जाऊन बसतो आणि सईला सापडत नाही. कधी चौकट आपणहून आली नाही, तर त्या चिन्हावर उजवं बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. ब्राउझर मात्र असा कधीच उघडू नका.

मागे तुम्ही विचारलं होतं, सईच्या खात्याचा प्रकार बदलला तरी तिला लगेच काहीच का करता येईना? आत येताना गेटवर पास मिळावा तसं असतं ते. लॉगइनच्या वेळी विंडोज अधिकारांची नोंद करून देतं आणि बाहेर पडेपर्यंत तीच चालते. ऑफिसातल्या वहीत नंतर काहीही बदललं, तरी खिशातला पास जुनाच. खात्याचा प्रकार बदलला की एकदा बाहेर पडून परत यावंच लागतं, त्याला पळवाट नाही. पण एका कामासाठी खातं बदलायचंच कशाला?

इथं ऑफिसात सर्व्हर सांभाळणारी माणसंसुद्धा दिवसभर साध्या खात्यातच काम करतात. मोठं काम आलं की तेवढ्या एका आज्ञेपुढे 'सुडो' लिहितात. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, तिच्यावरची ही पद्धत मुळात जुन्या युनिक्सवरची, १९८० च्या सुमाराची आहे. ज्यांच्या हातात सगळं आहे, ती माणसं इतकं जपतात. मग ओंकारच्या गेमला अख्खं मशीन कशाला मोकळं सोडायचं? त्याला राग आला तर माझं नाव सांगा, मी बोलेन त्याच्याशी.

सईला अभ्यासाला मशीन हवं असेल तेव्हाही लॉगऑफ नको. विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबा, पडदा कुलूपबंद होतो, तिनं आपलं नाव निवडून आत जावं. तुमच्या पट्ट्या मागे उघड्याच राहतात. तरी उठण्याआधी चालू नोंद सेव्ह करा, कारण सईनं काम झाल्यावर मशीन बंद केलं तर तुमचं उघडं काम जाईल. 'दुसरं कुणीतरी आत आहे' असा इशारा येतो, तो आला की तिनं थांबायचं, हे तिला बजावून ठेवा. आपल्या मशीनची मेमरी चार जीबीच आहे, दोन खाती एका वेळी निभतील, तिसरं उघडलं तर सगळंच रेंगाळेल.

टॅलीतल्या आपल्या कंपनीला वेगळा पासवर्ड लावा, कारण तिचा हिशोब पब्लिक फोल्डरमध्ये आहे आणि तिथं ठेवलेलं घरातल्या कुणालाही उघडता येतं. आणि 'घर'चा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय म्हणे, तो आज काढा. तुमच्याकडे आणि वहिनींकडे असला की पुरे.

रविवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल करतो, इथं तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असतात. प्रिंटरचं काम शिल्लक असेल तर तसंच ठेवा. टॅली उघडी ठेवून ते तुमच्याच हातून करून घेऊ.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बाळू