दोरा ओवून घेतलात म्हणून थँक यू, आजी

प्रिय आजी,

तुम्ही लेकीकडे राहायला गेलात त्याला आता दीड महिना होईल, आणि अजूनही रोज संध्याकाळी साडेसहाला आमचा मोठा चपला घालायला उठतो आणि मग त्याला आठवतं की खालच्या मजल्यावरचं दार बंद आहे. फोनवर तुमचे आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात, म्हणून आता लिहूनच काढतेय. सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय कारण मुलांना दुसऱ्यासाठी काही करायला कसं शिकवायचं हा प्रश्न पडलेले माझ्यासारखे आईबाबा खूप आहेत. तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

लोक मदत केली म्हणून थँक यू म्हणतात. मला मदत घेतलीत म्हणून म्हणायचंय. माझ्या सात वर्षांच्या पोराची हळू, अर्धवट, सांडत-लवंडत केलेली मदत तुम्ही घेतलीत, जवळजवळ दोन वर्षं.

तुम्हाला आठवत असेल, त्याआधी आमच्या फ्रिजवर एक चार्ट होता. चांगलं काम केलं की एक स्टार, दहा स्टार झाले की एक खेळणं. मी तो फार मनापासून केला होता, रंगीत कागद कापून वगैरे, आणि पहिले दोन आठवडे मस्त चाललं पण, पोरगा धावून धावून कामं करायचा. मग हळूहळू प्रत्येक कामाआधी "याचा स्टार आहे का?" सुरू झालं. एकदा तर त्याने बहिणीची पेन्सिल स्वतःच खाली टाकली आणि स्वतःच उचलून दिली, आणि माझ्याकडे बघितलं. आणि मग तो जिन्यातला दिवस, त्याने तुमची पिशवी दारापर्यंत आणून ठेवली आणि तुमच्यासमोरच मला विचारलं, "मोठी पिशवी होती, दोन स्टार ना?" मला इतकी लाज वाटली की मी त्याला तिथेच ओरडणार होते. तुम्ही ओरडू दिलं नाहीत. त्याच्याकडे वाकून म्हणालात, "मला एका कामात अडतंय बघ, माझ्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही. तुझे डोळे चांगले आहेत. उद्या येशील?"

स्टारबद्दल एक अक्षर नाही. फक्त एक खरं काम.

हे मला खूप उशिरा कळलं की ते काम खरं होतं म्हणूनच सगळं झालं. आपण मुलांना जी मदत करायला देतो ती बऱ्याचदा खोटी असते, म्हणजे आपलं काम अडलेलं नसतंच, मुलाला वळण लागावं म्हणून आपण काहीतरी शोधून काढतो आणि त्याने केलं की मागाहून परत नीट करतो. मुलांना ते समजतं. तुमचं मात्र खरंच अडलेलं होतं. तुम्ही जुन्या मऊ सुती कपड्यांची दुपटी शिवायचात, ज्या बाळंतिणींकडे बाळासाठी काही नसतं त्यांच्याकडे पोचवायला, आणि दोरा संपला की कोणी ओवून देईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचात. डोळे गेले तरी शिवणारे हात शाबूत होते. आणि त्या एका गोष्टीत सात वर्षांचं पोर तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही वरचढ होतं.

पहिल्या दिवशी एक सुई ओवायला त्याला दहा मिनिटं लागली असतील. दोऱ्याचं टोक फुटायचं, मग तो ते ओठात धरून ओलं करायचा, परत नेम चुकायचा, आणि मी शेजारी बसून माझे हात कसे आवरले मलाच माहिती. शेवटी मी "आण इकडे" म्हणून हात पुढे केलाच, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. काही बोलला नाहीत, नुसता ठेवलात. आजी, त्या हाताबद्दल वेगळं थँक यू. ओवली त्याने. आणि तुम्ही "शाब्बास" नाही म्हणालात, "किती गुणी बाळ" पण नाही, तुम्ही ती सुई घेऊन लगेच शिवायला लागलात. मला त्या वेळी ते जरा कोरडं वाटलं होतं, खरं सांगते. पण तो पुढचा अर्धा तास त्या सुईकडेच बघत बसला होता, दुपट्याच्या कडेने धावदोरा कसा पुढे पुढे चाललाय ते. मग त्याने बाकीच्या सुयाही ओवल्या, आणि जाताना तुम्ही त्याला सांगितलंत, "तू दहा सुया ओवून ठेवल्यास म्हणून उद्या दुपारी माझं काम अडणार नाही." बस एवढंच. घरी येऊन त्याने हेच वाक्य बाबाला तीन वेळा सांगितलं.

चार्ट मी त्याच आठवड्यात काढला. तेव्हा निव्वळ तुमच्याकडे बघून काढला, पण नंतर यावर बरंच वाचलं आणि थक्क झाले. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी 2008 साली एक प्रयोग छापलाय, 20 महिन्यांच्या मुलांवर. काही मुलांना मदत केल्यावर छोटं बक्षीस दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. नंतर परत मदतीची वेळ आली तेव्हा बक्षीस मिळालेली मुलंच मागे राहिली, बाकीची करत राहिली. म्हणजे जे आतून येत होतं त्याला आपणच बाहेरून किंमत लावतो, आणि मग किंमत थांबली की तेही थांबतं. माझ्या फ्रिजवर हाच प्रयोग चालला होता.

आणि ते आतून येतंच, हे मी धाकटीमुळे बघितलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, चिमटा खाली पडला, दोन्ही हातात ओली चादर. ही दीड वर्षाची, अजून नीट बोलताही येत नव्हतं, दुडूदुडू आली, चिमटा उचलला आणि माझ्या हाताशी धरला. कोणी शिकवलं नव्हतं तिला. मजा म्हणजे याच दोघा संशोधकांचा 2006 चा प्रयोग अगदी असाच आहे, 18 महिन्यांची 24 मुलं, समोर एक माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि हात पुरत नाही असं दाखवतो, किंवा हातात गठ्ठा असल्यामुळे त्याला कपाटाचं दार उघडता येत नाही, अशी वेगवेगळी कामं. 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, कौतुक नाही, बक्षीस नाही. आणि तोच चिमटा मुद्दाम फेकला तर सहसा उचलत नव्हती! म्हणजे एवढ्याशा जिवाला खरी गरज आणि नाटक यातला फरक कळतो. हे वाचलं तेव्हा तुमची सुईच डोळ्यासमोर आली माझ्या.

अजून एक दिवस. खाली मुलं खेळत होती आणि याला तुमच्याकडे यायचं नव्हतं. मी हाताला धरून आणला, कारण माझ्या डोक्यात होतं की एकदा घेतलेली जबाबदारी सोडायची नाही. तुम्ही दारातच त्याला विचारलंत, "आज मन आहे का?" तो मान हलवून नाही म्हणाला. "मग जा खेळायला. आज सहा सुया शिल्लक आहेत, मला पुरतील." आणि तो पळाला, आणि मला वाटलं संपलं आता, परत काही येत नाही हा. दुसऱ्या दिवशी पण नाही आला. तिसऱ्या दिवशी मी काही न म्हणता स्वतःहून चपला घालून गेला आणि वीस ओवून आला, कारण त्याने मनात हिशोब केला होता की सहा संपल्या असणार. नादिया चर्न्याक आणि तमार कुशनीर यांनी 2013 मध्ये लहान मुलांबरोबर असंच काहीसं करून बघितलंय, ज्या मुलांना स्टिकर स्वतःकडे ठेवायचा की दुःखी बाहुल्याला द्यायचा हे खरंच ठरवू दिलं, ती मुलं पुढच्या वेळी जास्त वाटून देत होती, "दे" म्हणून सांगितलेली तेवढं नाही. तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं, आजी? मला तर वाटतं तुम्ही फक्त त्याच्या "नाही"ला मान दिलात.

फोटोचं पण लिहायलाच हवं. तो नेढ्याला डोळा लावून बसला होता, संध्याकाळचा उजेड पडला होता, मी पटकन फोटो काढला आणि स्टेटसला टाकणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आत्ता तो सुईकडे बघतोय. तू फोटो काढलास की तुझ्याकडे बघायला लागेल." तो फोटो माझ्याकडे अजून आहे पण कुठेच टाकला नाही, आणि आत्ताही टाकत नाहीये.

आणि गालाची गोष्ट. दुपट्यासाठी कापड निवडताना तुम्ही त्याला शिकवलंत की आधी आपल्या गालाला लावून बघायचं, आपल्याला टोचलं तर बाळाला टोचणार, मग ते कापड बाजूला. त्याने किती कापडं बाजूला काढली, शिवण जाड, बटणाची भोकं, काहीतरी टोकेरी. मग सुट्टीत आम्ही खेळणी द्यायला काढली तेव्हा मी पिशवीत चाक निघालेली गाडी आणि तुकडे हरवलेली कोडी भरत होते, आणि हा विचारतो, "आई, हे तुझ्या गालाला लावलं तर टोचणार नाही का?" मला क्षणभर कळलंच नाही तो काय म्हणतोय. त्याने ते सगळं काढलं आणि आपली आवडती, चालू स्थितीतली गाडी टाकली पिशवीत, जरा वेळ हातात धरून मग टाकली. मी म्हणणार होते की राहू दे ती, पण तुमचा मनगटावरचा हात आठवला. लारा अॅक्निन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलंय की दोन वर्षांच्या आतली मुलंसुद्धा खाऊ मिळाल्यापेक्षा देताना जास्त खूश दिसतात, आणि सगळ्यात खूश दिसतात ती स्वतःच्या वाटीतला देताना. मी मात्र इतकी वर्षं त्याला फक्त उरलंसुरलं द्यायला शिकवत होते.

पण ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते गेल्या आठवड्यातलं आहे. त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. त्या मुलाचा हात मोडलाय, प्लास्टर आहे, आणि म्हणे आमचा हा तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत त्याच्या वहीत फळ्यावरचं उतरवून देतोय. तीन आठवडे! मला एक शब्द माहिती नव्हता. मी रात्री त्याला विचारलं की अरे बोलला का नाहीस, तर त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "त्याचा उजवा हात आहे ना मोडलेला." आणि झोपला.

मी बराच वेळ तिथेच बसून होते आजी, अंधारात. चार्टच्या दिवसांतला तोच पोरगा आहे हा.

तुम्ही तिकडे एकट्या शिवताय की कोणी दोरा ओवून देतंय हे त्याने मला चार वेळा विचारलंय. म्हणून या पत्राच्या कागदी कॉपीबरोबर एक छोटं पार्सल पाठवतेय, लेकीला उघडायला सांगा, आत टोकं आहेत. सुया टोचायची उशी त्याने स्वतः शिवलीय, वाकडी आहे, पण गालाला लावून बघितलीय. तिच्यावर चाळीस सुया आहेत, सगळ्या ओवलेल्या, पांढरा दोरा जास्त आणि थोडा पिवळा. दोरा तुम्ही सांगितल्याप्रमाणे हातभरच घेतलाय, नाहीतर गुंता होतो, पण तो त्याच्या हाताने मोजलाय आणि हात आता वाढलाय, त्यामुळे तुमच्या सवयीपेक्षा थोडे लांब निघतील. संपत आल्या की फोन करा, तो म्हणतोय दहा शिल्लक असतानाच करा, पार्सल पोचायला वेळ लागतो.

तुमची,
वरच्या मजल्यावरची