घाटातल्या वाडीला अंदाज कधी मिळणार?

संपादक साहेब,
आठवडाभर पाऊस लागून राहिलाय आणि मोबाईलवर रोज तेच, सातारा घाट परिसर ऑरेंज अलर्ट. हवामान खात्याने घाटमाथा वेगळा काढला हे चांगलंच केलं, पण घाट म्हणजे केवढा पट्टा हो! समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात, म्हणून महाबळेश्वरला धो धो अन् खाली वाईत नुसती भुरभुर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पडला, रेड अलर्ट तर २०४ मिमीच्या पुढेच सुरू होतो, मग ५९४ ला कुठला रंग? दरडीखाली गाडली गेलेली माळीण, इर्शाळवाडी आठवा. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या गावात आणि वाडी वर कड्याखाली. तिथे बसवा, तासातासाचा आकडा सरपंचाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

– एक वाचक, वाई